दिवा लागल्यापासून

डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र.
"शोरूमनं सेन्सर बदलला, साडेसात हजार घेतले,
तिसऱ्या दिवशी हा परत हजर," अश्लेषा म्हणाली.
मागे तिचे वडील, कोचरेकर, बोटात किल्ली फिरवत.

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे माझी शेड.
स्टिअरिंगखाली वाकून स्कॅनरची पिन खोचली.
पी शून्य एक सात एक.
हवा जास्त, पेट्रोल कमी.

नवशिके इथंच फसतात, सेन्सरच बदलून बसतात.
परकार उस्ताद म्हणायचे, कोड हे पेशंटचं कण्हणं,
कुठं दुखतं ते तो सांगेल, का दुखतं ते तू शोध.
उस्तादांना स्कॅनर जमला नाही कधी.
लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायचे,
आणि बरोबर निघायचे.
दोनदा साफ चुकलेलेही मी पाहिलेत.

गाडी एक करते, जे माणसं टाळतात:
दिवा लागला त्या क्षणाचा पंचनामा लिहून ठेवते.
तापमान त्र्याण्णव. फेरे सातशे वीस.
वेग शून्य.
सिग्नल असेल, म्हटलं.
मुंबईत शून्य हा काही पुरावा नव्हे.

पुढचं पान उघडलं.
दिवा लागल्यापासून अंतर: एकशे चोवीस किलोमीटर.
दिवा लागल्यापासून इंजिन चालू: बारा हजार आठशे चाळीस मिनिटं.
मोबाइलवर भागाकार केला.
दोनशे चौदा तास.

"रात्रपाळी असते बाबांची," अश्लेषा सांगत होती,
"कंपनीला गाडी लावलीय. रोज सहार ते पनवेल,
घासली जाते हो गाडी."

मी टायर पाहिले. कुठं घासलेत?
चाकांच्या कडेला बंदराकडचा करडा चिखल,
मॅटवर शेंगांची टरफलं,
सीटच्या खिशात शब्दकोड्यांच्या घड्या, सगळी सोडवलेली,
एक आडवा शब्द तेवढा तीनदा खोडलेला.
कोचरेकरांनी माझ्याकडे पाहिलं,
मग गोदामाच्या पत्र्याकडे.

घरी पैसे जात असतील कुठून तरी,
फंडातून, पतपेढीतून.
मला हवा शोधायची होती.

गाडी चालू ठेवून अगरबत्ती पेटवली,
नळ्यांवरून सावकाश फिरवत नेली.
धूर सरळ वर, सरळ वर,
आणि मॅनिफोल्डमागच्या बोटभर नळीपाशी
वाकला, आत गेला.
नखाएवढी चीर.

"पळत्या गाडीत कळत नाही," मी अश्लेषाला सांगितलं,
"उभी राहिली की दम लागतो हिला."
खरं तेवढंच होतं.
कोचरेकर खाली बघत हुं म्हणाले.

नळीचे दीडशे, क्लिपांचे तीस. मजुरी वेगळी.

कोड पुसताना स्कॅनर विचारतो: नक्की?
पुसला की सगळंच जातं,
दिवा, पंचनामा, मिनिटं.
अश्लेषा पर्समध्ये सुटे शोधत होती.
मी स्क्रीन कोचरेकरांकडे वळवली.
त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत आकडा वाचला,
कोड्यातला शब्द लावून पाहावा तसा.
"एवढे?" म्हणाले.

माझं बोट बटणावरच होतं.
पत्र्यावर एक कावळा घसरत चालत होता.
"हे," कोचरेकर म्हणाले, "छापून मिळतं का?"

अश्लेषानं मान वर केली.
"काय छापताय?"