दोरीचं भोक

बेस्याच्या पुढे, तीस बाय पन्नासचा प्लॉट.
गजभियेंना सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यासारखं घर हवंय:
चौदा फुटांवर छत,
छताला लागून दोरीनं उघडणाऱ्या खिडक्या,
आणि तिन्ही बाजूंनी व्हरांडा.
मी म्हटलं, तिन्ही बाजूंनी दिला
तर मधोमध एक कपाट उरेल.
हसले. "मंग एकाच बाजूनं द्या. पन खोल द्या,
मानूस पाय पसरून बसला पाह्यजे."

नवतपा सुरू होता. मी जुने बंगले पाहत हिंडले,
टेप, वही, पर्समध्ये कांदा.
दोन फुटी भिंती, चुन्यातल्या,
गाल टेकवला तर माठासारख्या.
एका खोलीत भिंतीतून आरपार गेलेलं
एक भोक दिसलं, कडा घासून घासून
गुळगुळीत झालेल्या.
ओढायच्या पंख्याची दोरी जायची तिथून.
मी ते हौसेनं नकाशात उतरवलं,
पितळेची कडी काढली, शेजारी टीप:
जुन्या बांधणीची खूण.

गजभिये चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
तेहतीस वर्षं लाइनमन,
भर उन्हात खांबावर चढून
लोकांचे पंखे सुरू करून देणारे.
बैठक, देवघराऐवजी बुद्धविहाराचा कोनाडा,
जिन्याखालची जागा, सगळं ओलांडत
बोट बरोबर त्या भोकावर थांबलं.

"माह्या आज्याची दोरी."

"हाताले फोड आले का अंगठ्याले बांधे, पायाच्या.
डोळा लागला का आतून बूट ये."

मग बराच वेळ फक्त कूलरचा आवाज.
मी खोडरबर उचललं.

"राहू द्या जी. एवढंच सांगा,
मी कोन्या बाजूनं बसू?"

नगररचनेच्या कुठल्याच नियमात
हे लिहिलेलं नाही.

काल साइटवर कोठीराम मिस्त्रीनं विचारलं,
हे काय, डिशची वायर काढाची का इथून?
गजभिये वाळूच्या ढिगावरून उठले.
व्हरांड्यातल्या मुरुमावर, भिंतीकडे तोंड करून बसले,
उजवी चप्पल काढली, पाय सरळ केला,
आणि अंगठ्यापासून भोकापर्यंत
डोळ्यांनी माप घेत राहिले.

"वीतभर खाली घ्या."

कोठीरामनं दोन विटा काढल्या.
मी नकाशात आकडा बदलला,
शेजारची टीप खोडली.
दुसरी अजून सुचली नाही.