दोन्ही बेचाळीस

गोर्लिट्झमध्ये माझ्या दुकानाला अकराच्या आधी ऊन नाही.
हालिना पूल ओलांडून आली नऊला,
कापडी पिशवीत कॅमेरा,
कॅमेऱ्याला अडकलेलं लांबडं भिंग.
निघत नाही, म्हणाली. पुढेही जात नाही.

दिवा जवळ ओढला.
व्यास बेचाळीस. तोंडाचाही, भिंगाचाही.
पट्टी लावून बघणारा म्हणेल, सख्खे आहेत.
पण द्रेस्देनच्या या कॅमेऱ्याचा आटा एक मिलिमीटरचा
आणि भिंगामागची कडी दुर्बिणवाल्यांची,
तिचा पाऊण.
पहिला वेढा गोडीगुलाबीनं जातो,
पुढे दातावर दात.
आणि माणूस नेमका तिथेच जोर लावतो.
मीही लावलाय, मनगटं होती तेव्हा.

कुणी बसवलं?
"बोगदाननं. चंद्र काढायचा होता.
खाणीत रात्रपाळी, सुटला की चंद्र."
मग म्हणाली, तो गेला.
तिच्या भाषेत त्या क्रियापदाचे दोन अर्थ होतात,
एकात फुलं न्यावी लागतात.
मी विचारलं नाही.
तेलाचा एक थेंब सोडला,
रबराची पट्टी गुंडाळली,
आणि उलटं, उलटं,
लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तसं,
फक्त श्वास रोखून.

पितळेचा चिमूटभर भुगा.
आटे वाचले. बहुतेक.

मूळचं भिंग पिशवीतच निघालं, पायमोज्यात,
क्रास्नोगोर्स्कचं, जड, मागे पिनसुद्धा नाही.
कुठलं कुठलं, पण कसं फिरत गेलं!
तळाला टेकलं तेव्हा लाल ठिपका बरोबर माथ्यावर.

पाऱ्याचे सेल आता विकत नाहीत.
नवा जरा तगडा, त्यानं भल्याभल्यांचे काटे बढाया मारतात.
हा मारत नाही. याच्या आत तारांचा एक पूल आहे.
तुम्ही आलात तसला नव्हे, म्हणालो,
पण कामाचा.
सेल किती जोरात आहे ते तो विचारत नाही,
दोन्ही काठ सारखे झाले का, एवढंच बघतो.

"आता काळी कळ दाबा. दाबूनच ठेवा. कडं मिटत न्या."
"अंधारलं," ती डोळा न हलवता.
अंधारणारच. उघड्या भिंगातून सगळं छानच दिसतं.
आत किती पोचणार, ते मिटल्यावर मोजायचं.
काटा खिडकीकडे वर गेला,
माझ्याकडे वळवल्यावर खाली,
मग माझ्या दिव्यापाशी कुठेतरी मध्ये
थरथरत राहिला.

खटका तिनं दाबला नाही.
"आत तेवीस झालेत," मी आकडा दाखवला.
"कसले?"
ते मला कसं कळणार.

सेलचे पैसे मोजून दिले. चंद्राचं भिंग टेबलावरच.
"तुम्हीच ठेवा, बसत कुठेच नाही."
बसेल, म्हणालो, पाऊण आट्याचं काहीतरी असतंच कुठेतरी.
दाराची घंटा वाजली, ती गेली,
मी भुगा पुसायला घेतला.

घंटा पुन्हा वाजली.
काही न बोलता तिनं ते उचललं,
पायमोज्यात घातलं.