किरकोळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
एप्रिलचे चव्वेचाळीस अंश आणि अठरा माग.
इथं बोलायचं ओठांनी, ऐकायचं डोळ्यांनी.
मी काचेच्या केबिनमध्ये बसते,
कारण कॉम्प्युटरला कूलर लागतो.
मला नाही.

सकाळी गड्डम शेठनी चादर टेबलावर टाकली.
"मोर झोपलाय की गं."
खरंच. बत्तीस मोर, बत्तीसांचेही डोळे मिटलेले,
आणि हैदराबादला गेलेल्या चारशे नगांतही
कुणी एक जागा नसणार.

मी आले तेव्हा फायली अशा होत्या:
मोर फायनल, मोर फायनल दोन,
मोर खरा फायनल, मोर हाच घ्या,
मोर शेठचा, हात लावू नये.
सगळ्यांना एका फोल्डरात कोंबून
काळ्या खिडकीत दोन शब्द टाइप केले. गिट इनिट.
तेव्हापासून लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं:
कुणी, कधी, काय.
शेठ अजून विचारतात, ह्यात माऊस कुठं फिरवायचा.

गिट लॉग. दोनशे बारा नोंदी.
पहिली चांगली, आजची वाईट.
गिट बायसेक्ट स्टार्ट,
आणि ते मला मधोमध नेऊन उभं करतं,
एकशे सहावर: हा जागा का झोपलेला?
चित्र मोठं करून बघते. जागा. गुड.
एकशे एकोणसाठ. झोपलेला. बॅड.
मागे. एकशे बत्तीस. जागा.

मल्लेशम काका पाठीशी येऊन उभे, बशीतला चहा फुंकत.
चाळीस वर्षं कार्डांना भोकं पाडली त्यांनी,
उजव्या तळव्यात अजून ठोशाचा घट्टा.
"हे आमचंच की गं," म्हणाले.
"माळेत एखादं कार्ड बिघडलं की
अर्धी माळ चालवायची, कापड बघायचं.
बरं आलं? मग खोट खालच्या अर्ध्यात.
त्याचं परत अर्धं. परत अर्धं.
एकोणीसशे कार्डं, अकरा खेपा.
दिवस मावळायच्या आत घावायचंच."
बशी रिकामी करून मग:
"फक्त कुणी पाडलं, ते कळायचं नाही.
भोकावर नाव नसतंय."

आठव्या खेपेला सापडलं.
नोंद एकशे अडतीस. रात्री दोन चाळीस.
नाव माझं.
बदलाचं कारण, एका शब्दात: किरकोळ.

आठवली ती रात्र. पाचव्या दिवसाचं पाणी येणार होतं,
नळाला मोटर लावून मी पायरीवर बसलेले,
मांडीवर लॅपटॉप, एक कान बॅरलकडे.
मोराच्या बुबुळात एक पांढरा चौकोन दिसला.
कचरा वाटला. पुसला.
एवढाच एक धागा वर यायचा राहिला
आणि चारशे घरांत मोर झोपले.

"कुणी केलं होतं?" दारातून शेठ.
माझं नाव पडद्यावर, पांढऱ्यावर काळं नाही,
काळ्यावर पिवळं.
काकांनी बशी कपावर उपडी घातली.
"जकार्ड आहे वो शेठ. होतंय कधी कधी."

गिट रिव्हर्ट.
हे खोडत नाही, ही त्याची खोड.
चूक तिच्या जागी राहते
आणि दुरुस्ती तिच्याखाली येऊन बसते,
शेजारणीसारखी.

दुपारी हैदराबादचा फोन.
शेठ तेलुगूत आधी माफी मागत होते, मग नुसतेच "हां, हां",
मग माझ्याकडे बघायला लागले.
तोच मोर हवाय. झोपलेला. सहाशे नग.
त्यांची गिऱ्हाइकं म्हणतात,
पांघरायच्या चादरीवर टक लावून बघणारा पक्षी
कशाला पाहिजे?

म्हणून आता दोन फांद्या आहेत.
एकीवर मोर जागा, एकीवर झोपलेला,
आणि चेकआउट म्हटलं की मी ह्या फांदीवरून त्या फांदीवर.
माग बारावर शेवंताबाई नवा बीम बांधतायत.
काका ठोसा शोधायला घरी गेलेत,
म्हणे मला दाखवायचा आहे.

मी बुबुळातला तोच चौकोन पुसलाय,
ह्या खेपेला जाणून.
कारणाच्या जागी कर्सर लुकलुकतोय.
काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.
किरकोळ लिहायचं नाही, एवढं ठरलंय.