वाया म्हणजे कुठं

इयत्ता आठवी, ऊर्जेचं रूपांतर.
फळ्यावर मी बाण काढते:
भाकरी, बाण, पाय, बाण, चाक, बाण, दिवा.
आणि प्रत्येक बाणाच्या बगलेतून
एक बारकी शेपटी, खाली वळलेली.
तिथं लिहायचं, 'उष्णता, वाया'.
परीक्षेत अर्धा मार्क असतो त्या शेपटीला.

ओवेस शिकलगार शेवटच्या बाकावरून विचारतो,
"बाई, वाया म्हणजे कुठं?"

वर्ग हसतो.
कासेवाडीच्या पत्र्यांवर दुपार तापलेली.
पंख्याचा वारा कमी, कुरकुर जास्त.
तीही ऊर्जाच. तिचा बाण मी काढलेला नाही.

अण्णांचा डायनॅमो जुन्या बाजारातला.
बुधवारी घासाघीस करून घेतलेला,
रविवारी परत नेऊन
पुन्हा घासाघीस करून आणलेला.
टायरला टेकवला की
दात खाऊन बोलणाऱ्या माणसासारखा आवाज.
दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की अण्णा निघायचे,
खडकी, वाकडेवाडी, संगम पूल,
मंगळवार पेठेपर्यंत
आपल्याच पोटऱ्यांचा उजेड
आपल्याच पुढं टाकत.
पोटात काही असलं तर पांढरा,
डबा कुणाला देऊन आले असले तर पिवळा.
आई गल्लीच्या तोंडाशीच ओळखायची,
"आज जेवले नाहीत वाटतं."

पुलाच्या चढाला दिवा मिणमिणायचा,
नेमका जिथं खड्डे.
उताराला असा झळाळायचा
की नदीकाठचं कुत्रं उठून बघायचं.

एकदा हवालदारानं अडवलं.
"दिवा कुठाय?"
"साहेब, चालताना होता."
"आत्ता नाहीये ना?"
"आत्ता तुम्ही थांबवलंत."
दोन रुपये गेले.
त्या दोन रुपयांचं पुढं कशात रूपांतर झालं
हे अण्णा निवृत्त होईपर्यंत विचारत होते.

थंडीत मी जागी राहायची.
सायकल भिंतीला टेकली की
दोन्ही तळवे डायनॅमोवर.
खडकीपासूनचा सगळा रस्ता
त्या लोखंडी बाटलीत कोमट होऊन बसलेला.
"काळे होतील हात," अण्णा म्हणायचे,
पण सायकल आत घ्यायची घाई करायचे नाहीत.
टोपी काढायचे, कानाला हात लावायचे,
उगाच चेन बघायचे.

मार्चमध्ये, वैकुंठात
विद्युतदाहिनीचं दार खाली आलं
तेव्हा मला रडू आलं नाही.
विज्ञानाच्या बाईला जे सुचतं ते सुचलं.
चालवणाऱ्याला विचारलं, किती युनिटं लागतात?
तो म्हणाला, "माणसावर असतं.
बारीक माणसाला जास्तच.
स्वतःचं काही नसतं ना जळायला."

अण्णा बारीकच होते.
सगळं सांडून आले होते रस्त्यानं,
निम्मं तर पुलाच्या चढावरच.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
वीज त्यांच्याकडं येत होती.

वर्गात सायकल उलटी ठेवलीय,
सीट फरशीवर, चाकं हवेत.
डायनॅमो माळ्यावरून आणलेला, गंज घासून.
ओवेसच पेडल फिरवतो.
घरच्या धारेच्या चाकावर हात बसलेला,
सुरुवातीलाच लय सापडते त्याला.
दिवा लागतो. पोरं ओरडतात.
मी म्हणते, "थांब."
दिवा जातो, आणि दिव्याबरोबर
पोरांचं लक्षही.

मी ओवेसचा हात धरून डायनॅमोवर ठेवते.
"इथं," म्हणते.

तो जरा वेळ काही बोलत नाही.
मग म्हणतो, "सुरी पण अशीच होते बाई.
धार लागली की अब्बा पातं गालाला लावतात.
आम्हाला वाटायचं, लाड करतात."

घंटा होते. बाकीचे रांगेत ढकलाढकली करतात,
बाई मी, बाई मी.
ओवेस हात काढत नाही.

फळ्यावरचं 'वाया' मी पुसत नाही.
परीक्षेत त्यांना तेच लिहायचंय.