रकाना सहावा : पीक

विट्याच्या शाखेत, लॉकरखोलीला लागून
माझं टेबल.
काचपेटीतला काटा, कसोटीचा काळा दगड,
तेजाबाची बुचबंद बाटली.
पाटीवर मी मूल्यांकक.
गावात अजून गलाईवालाच :
बावीस वर्षं सेलमला मूस तापवून आलेला
शितोळ्यांचा हिंदुराव.

नवा होतो तेव्हा
लोखंडेसाहेब मोटारसायकलीवरून रानात जायचे,
बुटाला चिखल घेऊन परत यायचे.
फायलीत विहिरीचा फोटो असायचा,
शेजारी मालक, हात बांधून,
जसं काही विहिरीशीच लग्न लागलंय.
इंजिन. पाइपलाइन. ठिबक. द्राक्षाचे अँगल.
माझ्याकडे आठवड्याला दोन-चार डोरली,
बाकी वेळ मी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो.

मग कोडी अर्धीच राहू लागली.

आता केतकी मॅडम आहेत,
राहुरीच्या पदवीधर, सुवर्णपदकवाल्या.
(त्याचा कस काढू का, एकदा विचारलं.
हसल्या नाहीत.)
त्यांना रानात जायचं असतं.
पण टार्गेट खुर्चीतूनच पुरं होतं,
आणि रांग माझ्या टेबलाशी असते.

मालन यमगर येते,
एका हातात सातबारा, दुसऱ्यात रुमालाची गाठ.
मॅडम विचारतात, पीक कोणतं?
'कशाला जास्त बसतंय?'
'डाळिंबाला.'
'मग डाळिंब.'
तिची बाग तेल्यानं गेली, त्याला चार वर्षं झाली.
खोडं वीटभट्टीवर गेली, मला ठाऊक आहे,
भट्टी माझ्या मेव्हण्याची.
पण मला विचारतात ते फक्त वजन :
पाटल्या दोन, एक्केचाळीस ग्रॅम तीनशे मिली,
एकीला आतून जुना डाग.
मी लिहितो, डाग वजा.

दर मार्चला नवं-जुनं.
सील फोडायचं, तोलायचं, परत सील.
मधली पंधरा मिनिटं
ती पाटल्या हातात घालून बाकावर बसते.
शिपाई चहा आणतो,
ती कप दोन्ही हातांनी धरते,
आणि समोरच्या बाईला उगाच विचारते,
'कुठल्या गावच्या?'

परवाच्या डाळिंबानं गोठ्याला पत्रा आला.
यंदाच्या डाळिंबावर धाकटा त्रिशूरला निघालाय,
माझ्या चुलतभावाच्या दुकानी, गलाई शिकायला.
हिशेब पक्का आहे तिचा.
सावकाराच्या निम्म्या व्याजात
पोरगं मार्गी लागतंय,
आणि पाटल्या वर्षातून एकदा का होईना भेटतात.
फसवलं कुणी कुणाला, मला सांगता येणार नाही.

सांगलीच्या बैठकीत पडद्यावर हिरवी रेघ होती.
शेतीकर्ज.
पूर्वी ती एसटीसारखी घाट चढायची,
वळणावर दम घेत.
आता लिफ्टमध्ये बसली आहे.
मोठे साहेब म्हणाले, वा!
खानापूर तालुक्यात डाळिंब एवढं वाढलं?
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी चष्मा पुसत राहिलो.

संध्याकाळी दगडावरच्या पिवळ्या रेघा मोजल्या. सतरा.
तेलाचा बोळा फिरवला, गेल्या.
पडद्यावरची मात्र
पुसायला कुणाकडे बोळा नाही.

रविवारी मॅडम स्कूटी घेऊन
कुणाला न सांगता मालनच्या रानात गेल्या.
ज्वारीची धसकटं, दोन म्हशी, नवा पत्रा.
आणि विहिरीच्या कडेला
वीटभट्टीला चुकलेल्या एका बुंध्यातून
आपणहून फुटलेलं झाड,
ना फवारणी, ना छाटणी,
ना कुठल्या कागदावर.

सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर
काही न बोलता एक डाळिंब ठेवलं.
एका बाजूनं तडकलेलं.
माझ्याच्यानं राहवलं नाही,
काचेचं दार सरकवून काट्यावर ठेवलं.
दोनशे बारा ग्रॅम, चारशे पन्नास मिली.
काट्यानं काही हरकत घेतली नाही.

रांगेतला पुढचा माणूस म्हणाला,
'अहो, माझी अंगठी?'