भार टाकून बघ

सत्तर दिरहमला घेतला स्टिरिओ
सनायातल्या गुल ज़रीनच्या भंगारातून.
खोकं नाही, कागद नाही,
पाठीमागे तारांचा कापलेला झुपका.
कुणाच्या तरी गाडीतून उपटलेला,
मुळं तुटलेली.

शुक्रवार. शारजा. सकाळचे सात
आणि स्टिअरिंगला हात लावायला आत्ताच फडकं लागतं.
निसान माझी, पण आधी कुरियाकोसची.
व्हिसा संपला तेव्हा चावी देऊन गेला
डिकीत छत्री विसरून.
अजून तिथंच आहे, मी उघडलेली नाही.

पिवळी म्हणजे कायमची, चावी काढली तरी जिवंत.
लाल चावीबरोबर जागी होते, चावीबरोबर निजते.
काळी बॉडीला.
एवढं मला बाराखडीसारखं पाठ.
पण या गाडीत कुणीतरी हाताला लागेल ती तार जोडत गेलेला :
इथे हिरवीच पिवळीचं काम करते,
आणि लाल कुठेच जात नाही,
टेपच्या गुंडाळीत नुसती संपते.

पहिल्यांदा दोन्ही उलट लागल्या.
आवाज आला, पण घड्याळ टिकेना.
मी त्यात घरची वेळ लावायचो, दीड तास पुढची,
आणि चावी फिरवली की परत
त्याचे बारा वाजलेले.

तारा बदलल्या. घड्याळ टिकलं.
मग ब्लोअर लावला, आणि स्टिरिओ मेला.
ब्लोअर बंद, जिवंत. ब्लोअर चालू, मेला.
ऑगस्टात ब्लोअर बंद ठेवून
कोण ऐकणार गाणी?

तारा सोडवल्या, मीटर लावला : साडेबारा.
परत लावला : साडेबारा.
मग परकारला फोन केला. खेडचा,
अजमानला क्रेन चालवतो, मीटर त्याचाच.
म्हणाला, ‘अरे, मोकळ्या तारेला काय विचारतोस?
मोकळी तार साडेबाराच सांगणार.
भार टाकून बघ.’

काल रात्री वृंदाला मी सांगितलं, सगळं बरं आहे.
दोन महिने पगार नाही, ते नाही सांगितलं.
तीही म्हणाली, इकडं सगळं बरं.
साडेबारा. साडेबारा.

तर स्टिरिओ जोडून, इंजिन चालू करून,
ब्लोअर चारवर ठेवून
हिरवी आणि काळीमध्ये मीटर धरला :
नऊ पूर्णांक सहा.
काळी सोडून टोक दाराच्या बिजागरीला टेकवलं :
तेरा पूर्णांक नऊ.

म्हणजे येणारं सगळं नीट येत होतं.
परत जायची वाट बंद होती.

कणकवलीच्या आयटीआयला सर म्हणायचे,
पोरांनो, आधी अर्थ बघा,
अर्थ लागला नाही तर बाकीचं बरोबर असून फुकट.
आम्ही हसायचो. मराठीच्या तासाला आलोय काय?

ग्लोव्ह बॉक्स काढला. आत डोकं घातलं.
घाम नाकावरून डोळ्यात, डोळ्यातून कानात.
एक बोल्ट सापडला, ब्लोअरची काळी आणि स्टिरिओची काळी
दोघी त्याच्याच गळ्यात,
आणि बोल्टखाली रंग.
कुणीतरी डेंटिंग करून वर छान पांढरा फवारा मारलेला,
गंजासकट.

पॉलिश पेपर घेतला. घासत बसलो.
पांढरा गेला, तांबडा गेला,
मग खालून पत्रा निघाला, नखाएवढा,
लख्ख.
बोल्ट आवळला, अर्धा फेरा जास्तच.

ब्लोअर चार. हेडलाइट चालू. आवाज वीस.
कुठलीशी मल्याळी बाई काहीतरी वाचत होती,
बाजारभाव असावेत. मी शेवटपर्यंत ऐकले.
अॅक्सिलरेटर दाबला की मागे एक बारीक शीळ येते,
तिचं नंतर बघू.

एक नारिंगी तार उरली.
तिला टेप लावून आत सरकवली.

इथले नऊ दहा, तिकडचे दहा चाळीस.
घड्याळ लावलं. चावी काढली.
ग्रीस लागलेल्या करंगळीनं फोन उघडला,
तिचं नाव काढलं,
वाजू दिलं नाही अजून.
चावी परत घातली.

दहा एक्केचाळीस.