एका रेघेखाली

नेरुळच्या हॉस्पिटलात, तळघरात,
ऑक्सिजनच्या कोठीला लागून माझी खोली.
एक टेबल, दोन खुर्च्या
आणि उणे ऐंशीचा फ्रीजर, रात्रंदिवस कण्हणारा.
त्याच्या कण्हण्याची नोंद
यंत्र दर तासाला घेतं.

माझं काम विचारायचं.
शून्य म्हणजे काहीच दुखत नाही,
दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही.
तुमचा आकडा सांगा.

तुर्भ्याच्या मार्केटात कांदे निवडणारी म्हणाली,
"दहा कुणी पाहिलाय ताई?
पाहिला असता तर सांगायला आले असते का?"
ऐरोलीच्या काचेच्या कंपनीतली
लॅपटॉप न मिटता म्हणाली, "साडेसहा."
मग थोड्या वेळाने, "मीटिंग असेल तर चार."
दिवाळे गावची एक, बोटांना बोंबलाचा वास,
आधी नुसती हसली.
"आकडा नाय गो बाय, आकडी हाय.
जाल्यान खेकरा शिरलाय,
सोरवाया गेलं का आनखीन आवलतो."
फॉर्मात खेकड्याला जागा नाही.
मी नऊ लिहिलं.

डॉक्टर नाबर स्क्रीनवर दाखवतात
अंडाशयातली काळपट गाठ:
जुनं रक्त, बाहेर पडायला वाट न मिळालेलं.
पुस्तकात तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.
"नाव ठेवणारा बाप्याच असणार," कांदेवाली म्हणाली
आणि पोटावरचं जेल पुसता पुसता
आम्ही तिघी हसलो.
हसताना दुखलं तिला.
किती?
सात.

किती वर्षं दुखतंय, हाही प्रश्न आहे.
अकरा. आठ. शाळेत होते तेव्हापासून.
आई म्हणायची लग्न झालं की थांबेल,
सासू म्हणाली मूल झालं की थांबेल,
मग कुणीतरी डॉक्टर म्हणाले,
मूल होणं जरा कठीण आहे.

मला नावं लिहायची परवानगी नाही.
नावाच्या जागी क्रमांक.
कोणता क्रमांक कोणाचा, ती वही कपाटात,
कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात.
रात्री अंघोळीलाही काढत नाही.

०२८ दुसऱ्या अभ्यासातली. गरोदर, घणसोलीची.
रक्तदाब दर आठवड्याला चढता,
सुजलेल्या पायाने चपलेचा अंगठा तुटलेला,
तरी मंगळवारी हजर.
तीन नळ्या रक्त देऊन विचारायची,
"याचा मला काही उपयोग?"
संमतीपत्रात आहे तेच मी वाचून दाखवायचे:
कदाचित तुम्हाला नाही, पुढच्या बायांना होईल.
"बरं. मग घ्या."

एकोणतिसावा आठवडा, पहाट.
नऊशे दहा ग्रॅम.
सहा तास.

तिसऱ्या आठवड्यात ती आली. भेट क्रमांक चार.
चुकवली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.
फॉर्मात लिहिलेलं: अपत्य,
पुढे दोन चौकटी.
मी पेन धरून बसले.
तीच म्हणाली, "शेवंती लिहा. पणजीचं माझ्या.
बारसं कुठे झालं. तुम्ही लिहा."
मी लिहिलं.
चौकटीबाहेर, समासात.

महिन्याने मॉनिटर आला हैदराबादहून,
पान न् पान तपासणारा, सज्जन माणूस.
त्याने समासावर बोट ठेवलं:
"मॅडम, नाव चालत नाही. दुरुस्त करा."

दुरुस्तीचाही नियम असतो आमच्यात.
खोडरबर नाही, पांढरी शाई नाही,
गिरवून काळं करायचं नाही.
एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी सही, तारीख.
मग कागद पंधरा वर्षं जपायचा.

मी रेघ मारली. पट्टी न लावता, हलकी.
सही केली.
"वाचता येतंय ना?" मी विचारलं.
त्याने चष्मा वर सरकवला, कागद जवळ धरला
आणि तपासायचं म्हणून
मोठ्याने वाचलं,
श थोडा स-कडे झुकलेला.